मधवालीची भाची

"मधाच्या किती डब्यांत एक नवरी येते?"

हा प्रश्न चेप्तालामने विचारायचा, असं बसच्या मागच्या बाकावर ठरलं. ठरवलं मुकामीने, दुजोरा दिला अडोंगोने, आणि चेप्तालामला कुणी विचारलंच नाही. वर्गातर्फे तोंड उघडायची वेळ आली की ते तोंड चेप्तालामचंच असणार, हे आता सगळ्या शाळेला माहीत होतं. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग वादविवादाच्या स्पर्धेत बोलणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बारासा सरांनी हिला उभं केलं, आणि हिने समोरच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या पोरांना असं काही गप्प केलं की तेव्हापासून तिची गाडी थांबायचं नावच घेईना. तिच्या नावाचा अर्थ नाकतोड्यांच्या दिवसांत जन्मलेली. मुकामी म्हणायची, "नाकतोडे परवडले. पीक खाऊन निदान उडून तरी जातात. ही कान खाते आणि इथेच बसते."

आताही मुकामीने तिला कोपराने ढोसलं. "विचारशील ना? की टरकलीस?"

"मी? टरकणार?" चेप्तालाम म्हणाली.

टरकली होती. चांगलीच टरकली होती.

खरं तर सहल जायची होती सरोवरावर, गुलाबी पक्षी बघायला. पण पाणी चढून सरोवराच्या फाटकाजवळचा रस्ताच बुडाला होता. बारासा सर खाली उतरले, कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिले, परत बसमध्ये चढले आणि म्हणाले, "हरकत नाही. आपण माऊच्या जंगलाकडे जाऊ. तिथे जंगलात मधावर जगणाऱ्या ओगिएक जमातीच्या बायकांचं मधाचं मंडळ आहे. तापसुबेईबाई म्हणून आहेत, माझ्या ओळखीच्या." सगळी बस आनंदाने ओरडली. चेप्तालामही ओरडली, कारण सगळे ओरडत असताना गप्प बसलेली मुलगी लगेच नजरेत भरते.

तापसुबेईबाई तिची आत्या होती. वडिलांची सख्खी थोरली बहीण.

म्हणजे चेप्तालामही ओगिएकच, आणि शाळेत हे कुणालाही माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर आपण किपसिगिस, म्हणजे गाईगुरंवाल्या मोठ्या जमातीतले, हे तिला घरी अक्षरं शिकवायच्याही आधी शिकवलं होतं. बोली जवळची, नावं तर तीच. कोण उलगडून बघायला जातंय? सरकारने जंगलातली घरं सोडायला लावली तेव्हा ती आईच्या पाठीवर होती; आजोबा आणि आत्या जंगलाच्या काठाशीच राहिले. नाकुरू शहरात आल्यावर वडिलांना कुणी दारात उभं करेना. 'डोरोबो' म्हणून हाकलायचे. डोरोबो म्हणजे ज्याच्याकडे एक गाय नाही, म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही. मग एकदा वडील एका हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि किपसिगिस म्हणून उभे राहिले. राखणदाराचा डगला मिळाला, शिटी मिळाली. तेव्हापासून ते किपसिगिसच राहिले.

आत्या दर हंगामाला मध घेऊन खाली यायची. शेजारीण डोकावली की आई घाईने म्हणायची, "मधवाली आहे." आत्या तिथल्या तिथे घासाघीस सुरू करायची, "नाही हो बाई, या भावात परवडत नाही, माश्यांनासुद्धा पोटं आहेत." इतकं हुबेहूब, की एकदा शेजारणीने तिच्याकडून खरंच डबा विकत घेतला. शेजारीण गेल्यावर आत्या पोट धरधरून हसायची. आई कधी हसली नाही.

बस चढण चढू लागली. बटाट्याची शेतं गेली, मग नुसते खुंटच खुंट गेले, मग खरी झाडं आली आणि खिडकीतून गारवा आत आला. चेप्तालामला वळण न् वळण ओळखीचं होतं. लहानपणी दर सुट्टीत ती इथे यायची. आजोबा गेले, ती मोठ्या शाळेत गेली, आणि येणं बंद झालं. ती खिडकीकडे पाठ करून बसली आणि नको इतकी बडबड करू लागली.

आत्या अंगणात उभी होती. पायांत गमबूट, डोक्याला पिवळा रुमाल, हातात सुरी. मुलं रांगेने उतरली. आत्याची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत आली, चेप्तालामवर आली आणि तशीच पुढे गेली. पापणीसुद्धा लवली नाही.

"तुझं नाव काय गं, पोरी?" आत्याने मुकामीला विचारलं. मग अडोंगोला. मग त्याच सुरात तिला, "आणि तुझं?"

"चेप्तालाम."

"छान नाव आहे. कुणी ठेवलं?"

नाव आत्यानेच ठेवलं होतं. "घरच्यांनी," चेप्तालाम म्हणाली.

इतक्यात शेजारच्या झोपडीतून एक म्हातारी काठी टेकत आली. तिने डोळे बारीक केले. "अगं बाई, ही तर आपल्या..."

"आपल्या पाहुण्यांना चहा लागेल, काकू," आत्या मध्येच म्हणाली. "दूध उतू जातंय बघा तुमचं."

"दूध कुठे ठेवलंय मी?"

"मग ठेवा ना."

म्हातारी काही तरी पुटपुटत परत फिरली.  चेप्तालामला आत्याच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली, इतके तिचे उपकार वाटत होते. आणि तेवढीच लाजही वाटत होती.

चहा झाला. आत्या सगळ्यांना अंगणात बसवून बोलू लागली, आणि बोलण्यात ती भाचीच्या वरताण होती. पूर्वी बायका झाडावर चढत नसत, म्हणाली. मग पुरुष कामाला शहरात गेले आणि माश्या काही त्यांच्यामागे गेल्या नाहीत, तेव्हा कुणाला तरी चढायला हवंच होतं. "पहिल्यांदा चढले तेव्हा निम्मी वस्ती खाली जमली होती. मदतीला नाही हं. मी पडते कशी ते बघायला." मुलं हसली. सरही हसले.

मुकामीने चेप्तालामच्या पाठीत बोट खुपसलं. "आता."

"नंतर विचारते."

"बघ, टरकली. मी म्हटलं नव्हतं?"

हा शब्द चेप्तालामला कुठेही सहन होत नसे. ती उठली, आणि स्पर्धेतला तिचा तो खणखणीत आवाज आपोआप बाहेर आला. "बाई, मधाच्या किती डब्यांत एक नवरी येते?"

खसखस पिकली. बारासा सर कडाडले, "चेप्तालाम, हा काय प्रश्न झाला?"

"विचारू द्या हो, सर," आत्या म्हणाली. "लग्नाच्या वयाला येताहेत, भाव माहीत असलेला बरा." तिने सुरी मांडीवर आडवी ठेवली. "डबे अलीकडचे गं. माझ्या वेळी चामड्याच्या पिशव्या असायच्या. माझ्या बदल्यात सासरहून मध आला, चांगला पांढरा मध. काकामंडळींना वाटायचा म्हणून घरात टांगून ठेवला आणि राखायला बसवलं माझ्या धाकट्या भावाला. सकाळी बघतो तर काकांची पिशवी रिकामी, आणि भाऊ खाली पोट धरून लोळतोय."

"मग?" अडोंगोने विचारलं. ती प्रश्नातली थट्टा विसरूनच गेली होती.

"मग काय? काका रुसले. म्हणाले, आमचा वाटा आल्याशिवाय पोरगी उंबऱ्याबाहेर पडणार नाही. नवरदेव बिचारा नवे कपडे उतरवून परत झाडावर चढला. चावून चावून तोंड एवढं सुजलं त्याचं, की लग्नात मी कुणाच्या शेजारी उभी आहे तेच मला कळेना."

अंगणभर हसू उसळलं. चेप्तालामही हसली, खरं खरं हसली, कारण ही गोष्ट तिने घरी शंभरदा ऐकली होती, पण वडील सांगत तेव्हा पिशवी उंदरांनी कुरतडलेली असायची.

"आणि तो भाऊ?" कुणी तरी विचारलं.

"तो शहरात असतो. मोठा माणूस झाला. शिटी वाजवतो आणि फाटक उघडतो." आत्या समोरच्या परातीतल्या मधाच्या पोळ्याचे तुकडे पाडू लागली. "त्याला एक लेक आहे म्हणतात. हुशार आहे म्हणतात. तिच्या लग्नात बघते मी त्याच्याकडे."

हे बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती.

पोळ्याचे तुकडे हातोहात फिरले. त्या मधाबद्दल काय सांगायचं? पांढरा, दाट, आणि जिभेवर ठेवला की थोडा वेळ कुणाला बोलायला सुचू नये असा. मुलं चोखत होती, बोटं चाटत होती. गोडी संपली की मेणाचा चोथा गवतात थुंकत होती. सरांनी आपला चोथा रुमालात बांधला.

चेप्तालामने तो तुकडा तोंडात घातला आणि ती बसमधली राहिली नाही, शाळेतली राहिली नाही, कुठलीच राहिली नाही. दाढेखाली मेण मऊ झालं. मध संपला. तिने चोथा तळहातावर घेतला, गोळी वळली, उठली आणि वळचणीखाली आडव्या पडलेल्या नव्याकोऱ्या ओंडक्यापाशी गेली. माश्यांना घर म्हणून पोखरून ठेवलेला लाल लाकडाचा ओंडका. झाडावर टांगायचा होता, माश्यांची वाट बघत होता. त्याच्या भोकाच्या काठावर तिने ती गोळी अंगठ्याने दाबली आणि नीट पसरवली. मध खाल्ला की पुढच्या माश्यांना आवतण द्यायचं, तोंडातलं मेण नव्या ओंडक्याच्या दाराशी लावायचं, हे आजोबांनी घरातल्या पोराबाळांना लावलेलं वळण होतं. तिला ते आठवलंसुद्धा नव्हतं. अंगठ्याला आठवलं होतं.

"ए, हे काय केलंस?" मुकामी म्हणाली.

चेप्तालामचा अंगठा तिथेच थांबला. "काय?"

"उष्टं मेण लावलंस त्याला. शी गं. अगदी डोरोबो शोभतेस."

मुकामी हे हसत म्हणाली. मांजर म्हणावं, माकड म्हणावं, तसं. ती वाईट मुलगी नव्हती. चेप्तालामला ताप आला तर हीच मुलगी तिची वही लिहून द्यायची. आजूबाजूची दोन-चार पोरं हसली. सर दुसरीकडे म्हातारीशी बोलत होते.

"मीच सांगितलं तिला," आत्याचा आवाज आला. अगदी सहज. "मघाशी, चहा घेताना."

"कधी?" अडोंगोने विचारलं. "आम्ही तर तिला चिकटूनच होतो."

"कानात सांगितलं."

"तिलाच का?"

"गोड वाटली मला. का, तुलाही सांगायला हवं होतं का?"

आत्या पुन्हा पोळं कापू लागली. चेप्तालामचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मध तिच्या बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आला होता आणि तिने तो चाटला नव्हता. थेंब सांडला तर दगडसुद्धा चाटायला सांगणाऱ्या आत्याने. मग आत्याने मान वर केली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ती नजर चेप्तालामच्या ओळखीची होती. नाकुरूच्या घरात शेजारीण डोकावली की आत्याच्या डोळ्यांत हीच यायची. घाबरू नकोस, मी आहे मधवाली.

तिथे ठीक होतं. तिथे घर आईचं होतं, भिंतीपलीकडे शेजारीण होती. पण हे अंगण आत्याचं होतं. हे पोळं, हा ओंडका, ही सुरी, सगळं आत्याचं. आणि आत्या स्वतःच्याच दारात परकी व्हायला तयार झाली होती, भाचीचं आणखी एक वर्ष शाळेत सुखात जावं म्हणून.

चेप्तालामला वादविवादात शब्द सापडले नाहीत असं हल्ली कधी झालं नव्हतं. आता मात्र तीनच सापडले.

"आत्या, राहू दे."

सुरी थांबली.

"मला कुणी कानात सांगितलं नाही," ती मुकामीकडे वळून म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता, पण फुटलाही नाही. "मला येतं ते. लहानपणापासून येतं. ही माझी आत्या आहे. माझ्या बाबांची सख्खी बहीण. आणि काकांची पिशवी ज्याने चाटूनपुसून खाल्ली ना, तो माझा बाप."

 म्हातारीशी बोलणारे सरसुद्धा वळले. मुकामीच्या चेहऱ्यावरून हसू उतरलं ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. मग म्हातारी काठी आपटून म्हणाली, "हेच सांगत होते मी मघाशी, तर मला दूध तापवायला पाठवलं."

पहिली हसली अडोंगो. मग हळूहळू बाकीचे. "म्हणजे तुला नवरी करायची तर मध लागणार," अडोंगो म्हणाली.

"तुला फुकट द्यायला काढलं तरी कुणी नेणार नाही," चेप्तालाम म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की तोंड पुन्हा चालायला लागलं.

मुकामी हसली नाही. ती गवतात वाकून काही तरी शोधत होती. बऱ्याच वेळाने तिला स्वतःचा थुंकलेला चोथा सापडला. तिने तो फ्रॉकला पुसला आणि ओंडक्यापाशी येऊन उभी राहिली. कान लालबुंद झाले होते.

"कुठे लावायचं?" तिने विचारलं. चेप्तालामला नाही, आत्याला.

आत्याने चोथ्याकडे बघितलं. "गवत काढ आधी त्यातलं. माश्या आमच्या असल्या तरी त्यांचे नखरे फार आहेत." मग तिने मुकामीचा अंगठा धरून भोकाच्या काठावर फिरवला. "असं. दाबून. आता यांना तुझीही ओळख झाली."

"मी असं म्हणायला नको होतं," मुकामी ओंडक्याकडे बघत म्हणाली.

"नको होतं," आत्या म्हणाली. "आता खा अजून एक तुकडा."

त्यानंतर सगळीच पोरं गवतात चोथे शोधू लागली. काहींना स्वतःचा सापडला, काहींना दुसऱ्याचा, आणि त्यावरून दोघांत भांडणही लागलं. सरांनी गुपचूप रुमाल सोडला.

बस सुटायच्या आधी सरांनी आत्याला विचारलं, टर्मच्या शेवटी पालकांचा दिवस असतो, त्या दिवशी शाळेत येऊन बोलाल का? आत्याने आधी भाचीकडे बघितलं. चेप्तालाम म्हणाली, "येईल ती."

"तुझ्या बापाला काय सांगशील?" आत्याने तिला बाजूला घेऊन विचारलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "त्याने माझ्या तोंडावर कधी दार लावलं नाही, लक्षात ठेव. भीतीने वाकला, पण दार लावलं नाही. त्याला टाकून बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"आणि सुट्टीत ये. तो ओंडका टांगायचाय. त्याच्यावर आपल्या घरची खूण पाडायची राहिलीय, ती तू पाड." एवढं बोलून तिने मनगटावरचा मध शेवटी चाटला आणि भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसमोर, चांगला वेळ.

परतीच्या वाटेवर मागच्या बाकावर मुकामीने चेप्तालामच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपेचं सोंग घेतलं. चेप्तालामच्या मांडीवर आत्याने दिलेली पांढऱ्या मधाची बाटली होती. खिडकीतून खुंट मागे जात होते आणि तिला एकेक आठवत होतं. आत्याची ती खोटी घासाघीस. आईचं न हसणं. वडिलांचा उन्हात विटलेला डगला. ही सगळी माणसं तिच्यासाठी किती काळ दुसरंच कुणी तरी होऊन राहिली होती. तिला रडू यायला हवं होतं असं तिला वाटलं, पण आलं नाही. पोटात काही तरी ऊबदार पसरत गेलं, आणि तो नुसता मध नव्हता.

घरी आली तेव्हा वडील नुकतेच कामावरून येऊन बूट काढत होते. आई मक्याच्या पिठाची उगाली घोटत होती. चेप्तालामने बाटली जेवणाच्या पाटावर ठेवली. वडिलांनी झाकण काढलं, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. मग तसाच घाबरा झाला.

"हा वरच्या जंगलातला आहे," ते म्हणाले. "कुठून आणलास?"

"आत्याच्या अंगणातून. सगळा वर्ग होता. सर होते." ती आईकडे वळली. "कळलं सगळ्यांना. मीच सांगितलं."

आईच्या हातातला डाव थांबला. "काय सांगितलंस?"

"आपण कोण ते. आणि पिशवी उंदरांनी खाल्ली नव्हती तेही."

वडिलांनी बोट पुन्हा बाटलीकडे नेलं होतं, ते हवेतच राहिलं. "दुकानात कळलं तर, चेप्ता?" त्यांनी हळूच विचारलं. "मालकाला कळलं तर?"

"तुम्ही त्यांचं फाटक किती वर्षं राखताय, बाबा. एक खिळा गेला नाही तिथून. तुम्ही राखायला बसलात आणि काही गेलं असं एकदाच झालंय, आणि ते मधाच्या बाबतीत."

आई हसली. चेप्तालाम चमकून बघत राहिली. आत्याचा विषय आणि आईचं हसू या दोन गोष्टी एकत्र तिने कधी पाहिल्या नव्हत्या. आईने लगेच कमरेच्या कापडाच्या टोकाने डोळे टिपले आणि धुराला नावं ठेवली.

"तुम्ही मला झाकून ठेवलंत म्हणून मी शाळेपर्यंत पोचले," चेप्तालाम म्हणाली. बसमध्ये तिने हे वाक्य बऱ्याचदा घोळवलं होतं. "ते मी विसरणार नाही. कधीच नाही. पण आता मला झाकायला नको. मी मावत नाही त्यात."

 वडिलांनी बोट बाटलीत बुडवून चाटलं.

मग ती उभी राहिली, स्पर्धेत उभी राहते तशी, पाठ ताठ करून.

"टर्मच्या शेवटी पालकांचा दिवस आहे. आत्या बोलायला येणार आहे. ती आधी इथे उतरेल, पुढच्या दाराने आत येईल, आणि शेजारीण डोकावली तर मी सांगणार आहे, ही माझी आत्या. तुम्हाला दोघांना नाही जमलं तर तुम्ही आत चहा करत बसा. मी ठरवलंय."